दगडूची पेटी

मराठी विभागासाठी लेख दे, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटलं होतं. मी कॉन्व्हेंटवाली. दहावीपर्यंत मराठी म्हणजे गाईडमधून पाठ केलेले निबंध. 'माझा आवडता प्राणी' या निबंधात मी दरवर्षी कुत्र्यावर लिहायचे, कारण गाईडमध्ये कुत्राच होता. घरी मात्र कुत्रा कधीच नव्हता. घरी कासव होतं. त्या निबंधाची बाकी राहिलेली उधारी आज फेडते आहे असं समजा. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावे.

कासवाचं नाव दगडू. आजोबांनी ठेवलेलं. मी चार वर्षांची असताना, म्हणजे २००९ साली, आजोबांच्या ओळखीच्या कुणीतरी त्याला आंध्रकडून आणून दिलं. घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते म्हणे. लक्ष्मी किती टिकली ते माहीत नाही, पण दगडू टिकला. पाठीवर काळ्या रंगात पिवळ्या रेघांच्या चांदण्या. लहानपणी मला वाटायचं आजोबांनीच ऑइल पेंटने काढल्यात.

आजीचं घर महालात. जुना वाडा, मधे आंगण, तुळस, जास्वंद आणि कोपऱ्यात पाणी तापवायचा बंब. दगडू त्या आंगणाचा मालक. सकाळी ऊन जिथे पडेल तिथे जाऊन बसायचा, दुपारी तुळशीच्या कट्ट्याच्या सावलीत. थंडीत बंबामागे राखेजवळ सरकायचा, कारण तिथली फरशी संध्याकाळपर्यंत कोमट राहायची. आपल्या नागपूरची थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते. ज्यांना वाटते त्यांनी २९ डिसेंबर २०१८ ची रात्र आठवावी. त्या दिवशी पारा ३.५ वर उतरला होता, तोपर्यंतच्या नोंदींतला नीचांक. मी आठवीत होते. आजोबांनी दगडूला गोणपाटात गुंडाळून स्वयंपाकघरात घेतलं आणि स्वतः मात्र स्वेटर न घालता पेपर वाचत बसले.

आजोबा २०२२ मध्ये गेले. वाडा पडायला आला होता, दोन भिंती टेकूवर होत्या. शेवटी काकांनी आणि बाबांनी मिळून ठरवलं आणि २०२४ च्या दिवाळीनंतर आजी मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. तिसरा मजला, लिफ्ट आहे, गीझर आहे, आंगण नाही. बाबा नोकरीनिमित्त पुण्याला, मी हॉस्टेलला. आजीसोबत फक्त दगडू. त्याला उत्तरेकडच्या बाल्कनीत ठेवलं. तिला काचेच्या खिडक्या लावून बंद केलेली होती. तीत ऊन म्हणून येत नाही.

डिसेंबरात आजीचा फोन. "अगं, तो खाऊन नाही राहिला. चार दिवस झाले. जास्वंदाचं फूल समोर ठेवलं तरी मान बाहेर काढत नाही."

मी म्हटलं, "झोपला असेल."

"पंधरा वर्षांत असा झोपला नाही तो."

सेमिस्टरची परीक्षा नुकतीच संपली होती. मी गेले. उचलून पाहिलं तर अंग थंडगार, खरोखरचा दगड. तेव्हा पहिल्यांदा मी कासवाबद्दल नीट वाचलं. (पंधरा वर्षं घरात असलेल्या प्राण्याबद्दल!) थोडक्यात सांगायचं तर आपण पोळी खाऊन अंग गरम ठेवतो, कासवाला ते जमत नाही. त्याची उष्णता बाहेरून यावी लागते. अंग पुरेसं तापलं नाही तर खाल्लेलं पचत नाही, ते पोटातच सडतं. म्हणून थंडावलेलं कासव खात नाही, आणि ते बरोबरच करतं. काही थंड प्रदेशातली कासवं हिवाळाभर निवांत झोपतात, पण चांदण्यांचं हे कासव त्या जातीचं नाही. दमट थंडीत राहिलं तर त्याला न्यूमोनियासारखा आजार होतो, नाकातून फुगे येतात. त्याला दिवसा एका कोपऱ्यात ३२-३५ अंश हवे, दुसऱ्या कोपऱ्यात २५ च्या आसपास, म्हणजे त्याला हवं तिथे तो जाऊन बसेल. रात्री थोडं कमी चालतं.

म्हणजे महालात काय होतं? ऊन, सावली आणि बंब. आजोबांनी कुठलंही पुस्तक न वाचता हे सगळं दिलं होतं. आता ते मला पेटीत बसवायचं होतं.

आजीचा आधी विरोध. "पेटीत काय कोंडतेस? कासवी पिलांना नुसत्या नजरेने वाढवते म्हणतात. मी आहे ना बघायला." मी म्हटलं, "आजी, नजरेचे वॅट किती?" आजी हसली. मग म्हणाली, "कर बाई काय करायचं ते. पण त्याला दिसलं पाहिजे बाहेरचं." म्हणून पुढच्या बाजूला काच.

आता इंजिनिअरिंगची गोष्ट. ज्यांना फक्त कासवात रस आहे त्यांनी दोन परिच्छेद सोडले तरी चालेल, पण पुढे जे झालं ते या दोन परिच्छेदांमुळेच झालं.

पेटीचं माप चार फूट बाय दोन फूट, उंची दीड फूट. मीटरमध्ये १.२, ०.६ आणि ०.४५. सहा बाजूंचं मिळून क्षेत्रफळ साधारण ३.०६ चौरस मीटर. बारा एमएमचा प्लाय धरला आणि आतबाहेरच्या हवेचा थर हिशोबात घेतला, तर दर चौरस मीटरमागे एका अंशाला सुमारे ३ वॅट उष्णता बाहेर जाते. रात्री बाल्कनीत १० अंश, पेटीत २२ हवे. फरक १२. तीन गुणिले ३.०६ गुणिले १२, म्हणजे ११० वॅट. सेकंड इयरला हीट ट्रान्सफर घासून पास झालेल्या मुलीला हा आकडा काढल्यावर जो आनंद झाला तो रिझल्टच्या दिवशीही झाला नव्हता. सीताबर्डीवर गेले, १०० वॅटचा सिरॅमिक हीटर घेतला. तो उजेड देत नाही, म्हणून रात्री चालतो. दिवसासाठी ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हे बल्ब आता कोणी घेत नाही. एलईडी घ्या, गरम होत नाही." त्याला समजावून सांगायला वेळ लागला की मला गरम होणाराच हवा आहे.

प्लाय इतवारीतून आणला. कापून दिला आमच्या वर्कशॉपच्या काकांनी. जॉब नंबर विचारला तेव्हा मी "दगडू" लिहिलं. मग वीज वाचवावी म्हणून मला सुचलं की दोन प्लायच्या मधे एक इंच थर्माकोल घालावा. (दोन प्लायच्या मधेच, कारण उघडा राहिला तर कासव तो कुरतडून खाईल.) तसा घातला. पेटी छान जड झाली. खाली माती आणि कोकोपीट, एका टोकाला हीटर, त्याला जाळी, दुसऱ्या टोकाला पाण्याची पसरट बशी. कंट्रोलला एक मायक्रोकंट्रोलर, रिले आणि वायरच्या टोकाला स्टीलच्या टोपणातला वॉटरप्रूफ सेन्सर. पेटीतलं तापमान २२ च्या खाली गेलं की हीटर चालू, २४ झालं की बंद. प्रोग्रॅम वीस ओळींचा.

हीटरची टेस्ट मी हॉस्टेलच्या रूममध्ये रात्री घेतली. हॉस्टेलमध्ये इमर्शन रॉड सापडला तर काय होतं हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. रूममेट म्हणाली, "काय करून राहिली बे तू? रेक्टर मॅडमले काय सांगशील, कासवाची आंघोळ आहे म्हणून?" मॅडम, हे वाचत असाल तर माफ करा. तो हीटर आता रूममध्ये नाही. कुठे आहे ते पुढे येईल.

नाताळच्या आठवड्यात दगडूचा गृहप्रवेश झाला. आजीने चक्क पेटीला हळदकुंकू वाहिलं. पहिल्या दिवशी तो नुसता बसून होता. दुसऱ्या दिवशी दिव्याखाली पाय पसरून झोपला, मान लांब बाहेर. तिसऱ्या दिवशी आजीचा फोन, "फूल खाल्लं! अख्खं!" मी मेसमध्ये ओरडले. लोकांना वाटलं प्लेसमेंट झालं.

एक गोष्ट मात्र मी आजीला पटवून दिली, तिचा मला अभिमान आहे. ती पेटी खिडकीशी ओढून "ऊन दाखवायची". बंद काचेतून येणारं ऊन कासवाच्या कामाचं नाही. हाडांसाठी आणि कवचासाठी जे अतिनील किरण लागतात ते खिडकीची काच अडवते. त्याशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कॅल्शियम अंगी लागत नाही. मग आजी रोज साडेअकराला त्याला टोपलीत घालून लिफ्टने गच्चीवर न्यायची. तिथे अर्धा तास ऊन, सोबत आजीचंही. तिला शेजारणी मिळाल्या त्या या टोपलीमुळे. शेवग्याची पानं, हरळी, कोवळा निवडुंग, असं त्याचं खाणं सगळी बिल्डिंग आणून देऊ लागली. एका काकूंनी दुधात पोळी कुस्करून आणली, ती आजीने परत पाठवली.

आता ती रात्र.

जानेवारीचा दुसरा आठवडा, २०२५. पहाटे साडेपाचला फोन. "अगं, तुझ्या पेटीतून गरम वास येऊन राहिला. मी झाकण उघडलं. तो तोंड उघडून पडलाय. फेस आहे तोंडाला."

हॉस्टेलचं गेट सहाला उघडतं. मी गेटच्या आत उभी होते. फोनवर आजीला सांगत होते, स्विच बंद कर, कोमट पाण्याच्या परातीत ठेव, डोकं वर राहू दे, गार पाणी नको. आजी म्हणत होती, "हो, हो, ठेवलं," आणि मधेच गप्प व्हायची. वॉचमन काकांनी दहा मिनिटं आधी गेट उघडलं. काय झालं ते विचारलं नाही.

ऑटोत बसून मला एकच कळत नव्हतं. डिस्प्लेवर आकडा काय आहे असं मी आजीला विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, "एकवीस."

पोहोचल्यावर पाहिलं. बाल्कनीत ११ अंश. झाकण उघडून इतका वेळ झाला तरी पेटीतली माती हाताला चटका देणारी. आतल्या साध्या थर्मामीटरचा काटा अजून ३८ वर. आणि डिस्प्लेवर अजूनही एकवीस! मग दिसलं. सेन्सरची वायर मी टेपने आतल्या भिंतीला चिकटवली होती. दगडूने रात्री फिरता फिरता ती ढकलून काढली होती. कासवाला अडथळा वळसा घालून जाणं मंजूर नसतं, तो ढकलतो. सेन्सर सरळ पाण्याच्या बशीत जाऊन पडला होता. पाण्याची वाफ होत राहते, पाणी हवेपेक्षा गार राहतं. माझा वीस ओळींचा प्रोग्रॅम रात्रभर बशीतलं पाणी गरम करण्याचा प्रयत्न करत होता.

मे २०२४ मध्ये आपल्याकडच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते ते आठवतं का? देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं सांगितलं. आम्ही हॉस्टेलवर त्याचे किती विनोद केले! ५६ वर निदान लोकांना शंका तरी आली. एकवीस या आकड्यावर कोण शंका घेणार?

पण सेन्सर पडला हे खरं कारण नव्हे. ते मला दोन दिवसांनी कळलं, गणिताची वही पुन्हा उघडल्यावर. ११० वॅटचा हिशोब नुसत्या प्लायचा होता. थर्माकोल मी नंतर घातला आणि हिशोब पुन्हा केलाच नाही. थर्माकोलसकट उष्णता जाण्याचं प्रमाण एक-तृतीयांशाच्याही खाली येतं. संपूर्ण पेटीला एका अंशामागे जेमतेम तीन वॅट. म्हणजे त्या रात्री मला ३५ वॅट पुरले असते. मी १०० वॅट लावले होते. १०० भागिले तीन, साधारण ३३. बाहेरचे ११ मिळवा. ४४ अंश. हीटर अडकून चालू राहिला तर पेटी कुठे जाऊन थांबेल याचं उत्तर माझ्याच वहीत होतं, मी प्रश्नच विचारला नव्हता. चाळीस वॅटचा हीटर असता तर सेन्सर बशीत पडो की गटारात, पेटी पंचविसाच्या वर गेलीच नसती. आणि वर चाळीस अंशाला तुटणारा एक साधा बायमेटल कट-आउट, तोही मी लावला नव्हता. थर्मलच्या सरांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "जर्नलमध्ये आपण आलेल्या उत्तराखाली दोन रेघा मारतो ना, त्याचा हा परिणाम."

दगडू वाचला. परातीत तासाभराने त्याने मान हलवली. आम्ही त्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सलाईन दिलं, कवच तपासलं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "ही मादी आहे. पोट सपाट, शेपूट आखूड." पंधरा वर्षं! आजी म्हणाली, "म्हणजे दगडाबाई." तेवढंच काय ते हसू त्या दिवसातलं.

मग डॉक्टर म्हणाले, "आजी, हे स्टार कासव आहे. हे घरी ठेवता येत नाही, माहीत आहे ना?"

आम्हाला माहीत नव्हतं. आजीला खरंच नव्हतं. मला... खरं लिहायचं तर डिसेंबरमध्ये वाचताना एका ठिकाणी दिसलं होतं. मी ते पान बंद केलं होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात याला संरक्षण आहे. पाळणं, विकणं, विकत घेणं, सगळाच गुन्हा. जगात सगळ्यात जास्त चोरटा व्यापार होणाऱ्या कासवांत याचा नंबर वरचा आहे. २०१९ मध्ये साईट्स या आंतरराष्ट्रीय कराराने याला आपल्या पहिल्या परिशिष्टात घातलं, म्हणजे जंगलातून पकडून धंदा पूर्ण बंद. हे सगळं कशामुळे झालं? पाठीवरच्या चांदण्या आणि लक्ष्मी. आजोबांना कुणी चांगल्या मनाने आणून दिलं, त्यांनी चांगल्या मनाने ठेवलं. पण आंध्रातल्या कुठल्यातरी माळावरून ते उचललंच गेलं होतं ना.

घरी कौन्सिल बसली. काका फोनवर म्हणाले, कुणाला सांगू नका, इतकी वर्षं काय झालं? एक शेजारी म्हणाले, अंबाझरीत सोडून द्या, पुण्य लागेल. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, की हे जमिनीवरचं कासव आहे, याला पोहता येत नाही. तलावात सोडलं तर बुडून मरतं. देवळांच्या टाक्यांत लोक पुण्यासाठी अशी किती सोडत असतील देव जाणे. आणि जंगलात? ते नागपूरकडचं नाहीच. गुजरात-राजस्थानकडे आणि दक्षिणेत आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूत सापडतं. कुठलं कासव कुठे सोडायचं हे माणसांच्या घरात ठरत नाही. त्यातून माणसांकडचे रोग तिथल्या कासवांना लागू शकतात.

मी आजीला म्हटलं, कट-आउट लावते, हीटर बदलते, पेटी एकदम सुरक्षित होईल. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पेटी चांगलीच होईल गं. पण मी एक्याऐंशीची. हे अजून किती जगेल?" मी सांगितलं, अजून काही वर्षं तरी सहज. "मग माझ्यानंतर तू हॉस्टेलात ठेवशील का?"

फेब्रुवारीत आम्ही सेमिनरी हिल्सच्या वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला गेलो. मला वाटत होतं आता पोलीस येतील. पोटात गोळा. तिथे अर्ज लिहून घेतला, दोन-चार प्रश्न विचारले, आणि कासवाला हातात घेणाऱ्याने घेतलं तेव्हा त्याच्या हाताखाली दुसरा हात धरला, हवेत लोंबकळू दिलं नाही. आजीने ते पाहिलं. खातं काय, असं त्यांनी विचारल्यावर आजीने सगळं सांगितलं, जास्वंदापासून निवडुंगापर्यंत, आणि शेवटी, "दुधात पोळी देऊ नका हं." ते हो म्हणाले.

परतताना आजी टोपली मांडीवर घेऊन बसली होती. रिकामी टोपली ऑटोत ठेवायला भरपूर जागा होती.

पेटी मी नंतर दुरुस्त केली. हीटरच्या जागी चाळीस वॅटचा बल्ब, चाळीस अंशाचा कट-आउट, सेन्सर स्क्रूने घट्ट. कासव नसताना हे सगळं कशाला केलं ते विचारू नका. माती काढून घासून धुतली. आजी आता त्यात थंडीच्या दिवसांत इडलीचं पीठ आणि विरजण ठेवते. २८ अंशाला पीठ असं काही फुगून येतं की बिल्डिंगमधल्या बायका आपापली पातेली घेऊन येतात. शंभर वॅटचा हीटर वर्कशॉपच्या काकांकडे आहे, ते त्यावर फेविकॉल वाळवतात.

या जानेवारीतही थंडी चांगलीच पडली. रात्री नऊला आजीचा फोन येतो. जेवलीस का, अभ्यास झाला का, आणि मग, "आज किती उतरलं गं?" मी मोबाईलवर बघून सांगते, अकरा, दहा, कधी नऊ. ती थोडा वेळ काही बोलत नाही. मग विचारते, "तिथे त्यांच्याकडे दिवा असेल ना?"

मी म्हणते, असेल.

"किती वॅटचा?"